साबणाची भातुकली

सोमवार, ३ ऑगस्ट

आज पाठांतर भेटायला आला. त्याचं हे नाव वर्गातल्या पोरांनी पाडलेलं आहे आणि मीही मनातल्या मनात त्याच नावानं ओळखतो. चार वर्षांपूर्वी माझ्या विषयात तो पहिला आला होता. शंभरात ब्याण्णव! सव्वीस वर्षं मी या व्यवस्थापनाच्या कॉलेजात मालाची साखळी शिकवतोय, म्हणजे कारखान्यातून निघालेला माल गिऱ्हाइकापर्यंत कसा पोचतो ते. एवढ्या वर्षांत ब्याण्णव मी दोघांनाच दिलेत.

"सर, नोकरी गेली," तो म्हणाला. एका पंख्यांच्या गोदामावर होता. एका आठवड्यात मागणी जराशी वाढली म्हणून यानं कारखान्याकडे दुप्पट पंखे मागितले. आले नाहीत, म्हणून पुन्हा दुप्पट. तरी आले नाहीत, म्हणून तिसऱ्यांदा. मग सगळे एकदम आले. जिन्यात पंखे, कँटीनमध्ये पंखे, साहेबांच्या केबिनबाहेर पंखे. महिन्याभरात याला नारळ मिळाला.

"पण तुला तर हे सगळं शिकवलं होतं," मी म्हटलं.

तो उभा राहिला आणि त्यानं म्हणूनच दाखवलं. "मागणीतला लहानसा बदल साखळीत मागे जाता जाता फुगत जातो, यास चाबूक परिणाम असे म्हणतात." मी जिथे खोकतो तिथे तो थांबलासुद्धा. मग म्हणाला, "व्याख्या तोंडपाठ होती सर. पण तो चाबूक माझ्याच हातात आहे, हे तेव्हा कळलं नाही."

तक्रार करायला आला नव्हता. एका शिफारसपत्रावर सही हवी होती, दिली. सध्या मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो. जाताना "थँक्यू सर" म्हणाला आणि तेच मला जास्त लागलं.

घरी हिला सांगितलं. ही तीस वर्षं नर्सिंगच्या मुली शिकवते. भाजी निवडता निवडता म्हणाली, "आम्ही माणसाला सुई टोचण्याआधी संत्र्याला टोचायला लावतो. तुम्ही मॅनेजर लोक थेट माणसालाच टोचता. मग माणूस ओरडतो." पुढे लगेच, "आणि त्या घड्याळासाठी खिळा आणा. महिना झाला, कपाटावर पडून आहे."

गुरुवार, ६ ऑगस्ट

ठरलं. या सत्रात संत्रं आणायचं.

आमच्या माहितीपुस्तिकेत तीन वर्षांपासून 'सिम्युलेशनद्वारे अध्यापन' असं ठळक छापलेलं आहे. म्हणजे खोटी कंपनी चालवून खरं शिकणं. त्यासाठी सॉफ्टवेअरही घेतलेलं आहे. आज चौकशी केली. पासवर्ड ज्यांच्याकडे होता ते प्राध्यापक दुसऱ्या कॉलेजात गेले. लॅबमध्ये यंत्रं तीस, चालू सतरा, त्यातल्या चारांना माऊस नाही. लॅबवाले म्हणाले, "चालू आहेत त्यांना हात लावू नका सर. लावला की बंद पडतात."

तेव्हा सॉफ्टवेअरला रामराम. हिच्याकडे बटणांची मोठी बरणी आहे. एक बटण म्हणजे साबणाचं एक खोकं. एका टेबलावर चौघं ओळीनं बसणार: दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. दर फेरी म्हणजे एक आठवडा. मी दुकानदारापुढे पत्ता उलटा करायचा, त्यावर गिऱ्हाइकाची मागणी. ती फक्त त्यानं बघायची. त्यानं मागच्याला चिठ्ठी द्यायची, मागच्यानं त्याच्या मागच्याला. मागितलेला माल दोन आठवड्यांनी हातात येणार. आणि बोलायचं नाही, जे काही ते चिठ्ठीवर. शेवटी ज्याच्यापुढे सगळ्यात जास्त माल पडून राहील तो हरला.

गंमत अशी की गिऱ्हाइक पहिले चार आठवडे पाच खोकी मागतं आणि पाचव्यापासून कायमची आठ. बास, एवढाच बदल. बाकी सगळा गोंधळ चौघं आपापल्या हातानं घालतात म्हणे. मी स्वतः हा खेळ कधी खेळलेलो नाही, पण मला खेळायची गरज नाही. मला उत्तर माहीत आहे.

विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "करून बघा. पण लेखी पेपराबाहेर तीस गुण द्यायचे तर अभ्यास मंडळाची मंजुरी लागेल. तीस सप्टेंबरला बैठक आहे." मंजुरी मिळाली नाही तर पुन्हा खडू-फळा. माझी निवृत्तीला तीन वर्षं राहिली. म्हणजे आणखी तीन वर्षं तीच व्याख्या, त्याच जागी खोकणं, आणि दर वर्षी एखादं पाठांतर तयार करून बाहेर सोडणं. ते आता माझ्यानं होणार नाही.

बुधवार, १२ ऑगस्ट

पहिला प्रयोग. फजिती.

तास पन्नास मिनिटांचा. बाकं जोडण्यात बारा मिनिटं गेली, बटणं मोजण्यात आठ. नियम सांगून झाल्यावर टोपी घालून बसणारा एक आहे, त्यानं विचारलं, "सर, हे परीक्षेला येणार का?" मी म्हटलं, हीच परीक्षा. सगळ्यांनी पेन खाली ठेवलं.

पाचव्या आठवड्यापर्यंत शांतपणे चाललं. सहाव्यात दुकानदारांचे चेहरे पडले. चिठ्ठ्यांवरचे आकडे वाढू लागले. मुलं अस्वस्थ, बटणं संपलेली, कुणी काही बोलत नाही. ती शांतता मला सोसेना. वर्गात शांतता म्हणजे शिक्षक पाठ विसरला असंच मला सव्वीस वर्षं वाटत आलंय. मी उठून फळ्याकडे गेलो आणि म्हटलं, "बघा, हाच तो चाबूक परिणाम!" आणि व्याख्या सांगितली. सगळ्यांनी आनंदानं वह्या काढल्या आणि उतरवून घेतली.

घंटा झाली. चिठ्ठ्या गोळा करून टोपलीत टाकल्या, बटणं बरणीत भरली.

ही हसून हसून बेजार. "अहो, मुलीनं सुई उचलली आणि तुम्ही तिचा हात धरून स्वतःच टोचलीत. संत्रं तुम्ही शिकलात." मी आधीच शिकलेलो आहे, असं मी म्हणालो बहुतेक.

शुक्रवार, १४ ऑगस्ट

स्टाफरूममध्ये बातमी पोचली. मार्केटिंगचे सर म्हणाले, "काय, भातुकली कशी झाली? बाहुलीचं लग्न कधी काढताय?" सगळे हसले. मीही हसलो, पण चहा तसाच ठेवून उठलो.

मला सलग दोन तास आणि मोठी टेबलं हवीत, म्हणजे हॉल. आमच्याकडे पद्धत अशी: अर्ज लिहायचा, शिपाईमामांकडे द्यायचा. ते तो वेळापत्रक बघणाऱ्या बाईंकडे नेतात, तिथून विभागप्रमुखांकडे, तिथून परीक्षा विभागात (हॉल त्यांचा), आणि मग आलेल्या वाटेनं परत. आठवडा सहज जातो. वेळापत्रकवाल्या बाई माझ्याच मजल्यावर बसतात. पण अर्जाशिवाय जाऊन उभं राहायचं म्हणजे उपकार मागितल्यासारखं वाटतं.

हवा आहे एकच बुधवार. पण एक मागितला की अर्धा मिळतो हा इथला अनुभव. म्हणून चार मागितले.

घड्याळाच्या खिळ्यासाठी कॉलेजच्या सुतारालाही चिठ्ठी पाठवली आहे. एकाच वाटेनं दोन्ही कामं.

गुरुवार, २० ऑगस्ट

हॉलचं उत्तर नाही. वाट बघण्यात अर्थ नाही. दुसरा अर्ज दिला, आठ बुधवारांचा. हॉल नाहीच मिळाला तर असू दे म्हणून लॅबसाठी एक वेगळा. आणि शनिवारसाठी एक.

परीक्षा विभागाच्या प्रमुखांकडून मात्र तत्परतेनं चिठ्ठी आली. हे गृहस्थ वरच्या मजल्यावर बसतात आणि खाली क्वचित दिसतात. तांबडी शाई. "तीस गुणांच्या मूल्यमापनाचा पुरावा काय? भेटावे."

भेटावे! मी काय आरोपी आहे? चार पानी लेखी उत्तर पाठवलं. त्यात अध्ययनाचा सिद्धांत आहे, अनुभवाचं महत्त्व आहे, शेवटी थोडा टोमणाही आहे.

सुताराकडून चिठ्ठी परत. "खिळे किती, कुठे, कशासाठी, ते तीन प्रतींत द्यावे."

बुधवार, २६ ऑगस्ट

हॉल नाही. वर्गातच पुन्हा घेतला. या वेळी बाकं मुलांनी आधीच लावून ठेवली होती, मी न सांगता.

हिनं जाताना खिशात पेपरमिंटच्या गोळ्या घातल्या. "बोलावंसं वाटलं की एक तोंडात टाकायची." तासाभरात पाच संपल्या. पण बोललो नाही. आणि काय सांगू, वर्ग पेटला! दुकानदार घाऊकवाल्याकडे डोळे वटारून बघतोय, घाऊकवाला वितरकाकडे. चिठ्ठ्यांवर 'तातडीचे', 'अति तातडीचे'. बाराव्या आठवड्यात सगळा माल एकदम आला आणि टेबलावर बटणांचे ढीग.

पहिल्या बाकावर बसणारी मुलगी कारखाना झाली होती. वर्गातली सगळ्यात हुशार. तिच्यापुढे सत्तर बटणं पडली, सगळ्या टेबलांत सगळ्यात मोठा ढीग. तास संपल्यावर ती थांबली. डोळ्यांत पाणी. "सर, मी कधीच शेवटची आले नाहीये. हे गुणांत धरू नका. त्यापेक्षा प्रश्नोत्तरं द्या, मी पाठ करते."

मला पाठांतरच समोर उभा दिसला. समजूत घालावी की प्रश्नोत्तरं काढून द्यावीत, कळेना. एक पेपरमिंट उरली होती, ती तिला दिली. मुलगी रडते आणि शिक्षक गोळी देतो, असा हा प्रकार. भातुकलीच खरी. मी हे मुलांच्या भल्यासाठी करतोय की पाठांतराचं ओझं उतरावं म्हणून, हा प्रश्न दिवसभर डोक्यात आहे.

बुधवार, २ सप्टेंबर

या कॉलेजात कुणालाही काहीही कळत नाही. रागातच लिहितोय.

आज सगळं एकदम मंजूर होऊन आलं. आठ बुधवार हॉल. त्याच आठ बुधवारी लॅबही. शिवाय शनिवार. शिवाय मी न मागितलेले दोन सोमवार! अकाउंट्सच्या सरांची चाचणी हॉलमध्ये होती, ती उडाली. दोन वर्गांना बसायला जागा नाही, मुलं पायऱ्यांवर. अकाउंट्सचे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "एका भातुकलीसाठी अख्खं कॉलेज लागतं का हो?"

वेळापत्रकवाल्या बाई रडकुंडीला आलेल्या. "सर, तुमचे एकामागून एक अर्ज आले. मला वाटलं, काहीतरी मोठं आहे. कमी पडायला नको म्हणून मी वर पाठवताना दोन दिवस जास्तच लिहिले. वरच्यांनी लॅब पण धरून ठेवली."

म्हणजे बघा! मागितलं तेव्हा दिलं नाही, आणि आता नको तितकं आणून ओतलं. वर दोष माझ्या माथी. मधल्या माणसांनी आपापलं काम नीट केलं असतं तर ही वेळ आली असती का?

विभागप्रमुख बाईंची चिठ्ठी: "एकदा येऊन बोला ना." आता ही धमकी समजायची की काय. लेखी खुलासा पाठवला.

सोमवार, ७ सप्टेंबर

परीक्षावाल्यांची तांबडी शाई पुन्हा. "चार पाने मिळाली. प्रश्नाचे उत्तर नाही. भेटावे."

या माणसाला माझा विषय बुडवायचाच आहे. मंडळापुढे ठेवायला मी पंधरा पानांचं निवेदन तयार करतोय. एकेकाचं नाव न घेता एकेकाला धरलंय. ही वाचून म्हणाली, "छान झालंय. इंजेक्शन आहे. पण पेशंट कोण?"

सुताराला तीन प्रती पाठवल्या. शिपाईमामा म्हणाले, "सर, खिळा माझ्या घरी आहे हो. उद्या आणू का?" मी म्हटलं, नको, पद्धतीनं होऊ दे.

बुधवार, १६ सप्टेंबर

आजचं नीट लिहायला हवं. म्हणून चहा घेऊन, दार लावून बसलोय.

हॉलमध्ये घेतला. गळ्यात पडलेल्या सगळ्या तारखांतला हा एक बुधवार मी वापरला. एका टेबलावर वितरक गैरहजर. टोपीवाला म्हणाला, "सर, तुम्ही बसा."

"मी कसा बसणार? मला उत्तर माहीत आहे."

"मग तर तुम्ही जिंकालच," पहिल्या बाकावरची म्हणाली. तिनं माझ्या हातातून पत्ते घेतले. "मी आज तुमच्या जागी."

बसलो. इतकी वर्षं त्या बाजूला उभं राहिल्यावर या बाजूची खुर्ची फार बुटकी वाटते. माझ्या पुढे टोपीवाला घाऊक व्यापारी, मागे एक अबोल मुलगा कारखाना.

पहिले आठवडे सुखात गेले. मग टोपीवाल्याची चिठ्ठी आली, अकराची. मला माहीत होतं की गिऱ्हाइक आठच मागतंय. पण मनात आलं, पत्ते हिच्या हातात आहेत, हिनं बदलले असतील. माझ्याकडे बटणं सहा. मी चौदा मागितली. आली पाच. टोपीवाल्याची पुढची चिठ्ठी सोळाची, खाली दोन रेघा. मला त्याचा असा राग आला की काय सांगू! मी बावीस मागितली. आली चार. मागचा अबोल मुलगा मुद्दाम करतोय अशी माझी खात्रीच पटली. मी चाळीस लिहिली. आजूबाजूला कोण आहे याचं भान नव्हतं. मी प्राध्यापक नव्हतो, मी एक घाबरलेला वितरक होतो.

मग माल आला. पाच, बारा, बावीस, चाळीस. बटणं टेबलावर मावेनात, मांडीवर पडू लागली.

पहिल्या बाकावरचीनं सगळे पत्ते उलटे करून दाखवले. पाच, पाच, पाच, पाच, मग आठ, आठ, आठ. "मी काहीच बदललं नव्हतं सर," ती हळूच म्हणाली.

मग मीच हसलो आणि अख्खा हॉल फुटला. इतकं हसलेले विद्यार्थी मी सव्वीस वर्षांत पाहिले नाहीत. पहिल्या बाकावरची सगळ्यात जास्त हसत होती. तिचा सत्तरचा विक्रम मी मोडला होता.

टोपीवाल्यानं विचारलं, "सर, चौदा येत नव्हती तर बावीस का मागितली?"

"येत नव्हती म्हणून."

तो म्हणाला, "हॉलचं पण असंच झालं असेल ना?" सहज म्हणाला. त्याला वाटलं असेल, दुसऱ्या कुणाचं तरी.

मी चिठ्ठ्या टोपलीत टाकायला गेलो आणि हात थांबला. माझ्या खिशात घातल्या. आता टेबलावर ओळीनं मांडल्यात. पाच. आठ. चौदा. बावीस. चाळीस. अक्षर मोठं मोठं होत गेलंय. शेवटचा चाळीस कागदात मावला नाही, शून्य अर्धं बाहेर आहे.

त्यांच्या खाली माझ्या अर्जांच्या प्रती मांडल्या. चार बुधवार. आठ बुधवार. लॅब. शनिवार. मला लाज वाटली, खरंच वाटली. ही पाठीमागे येऊन उभी राहिली, दोन्ही ओळी वाचल्या, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पेशंट सापडला म्हणायचं," एवढंच बोलली.

गुरुवार, १७ सप्टेंबर

परीक्षा विभागाचा जिना बावीस पायऱ्यांचा आहे. आज पहिल्यांदा मोजल्या.

ते एकटेच बसले होते. उजवा पाय स्टुलावर, गुडघ्याला पट्टा. मला बघून उठायला गेले आणि पुन्हा बसले. "या, या. दोनदा लिहिलं, भेटावे म्हणून. मीच आलो असतो हो, पण हा गुडघा. चढतो कसाबसा, उतरताना जीव जातो. सकाळी एकदा आलो की संध्याकाळीच खाली."

भेटावे म्हणजे नुसतं भेटावे होतं. मी खुर्चीवर बसलो. त्यांनी चहा मागवला.

मग म्हणाले, "माझा प्रश्न एवढाच आहे. उद्या एखाद्या मुलानं फेरतपासणी मागितली, तर मी त्याला काय दाखवू? बटणं?"

एवढाच प्रश्न. मी त्यावर चार पानं सिद्धांत लिहिला होता.

"चिठ्ठ्या," मी म्हटलं. "दर आठवड्याला प्रत्येक जण किती मागतो ते चिठ्ठीवर लिहितो. मागे दोन ओळी लिहायला लावू, एवढंच का मागितलं ते."

"आणि चुकीचं मागितलं तर गुण कापणार?"

"चुकल्याबद्दल नाही. का मागितलं ते लिहिलं नाही, किंवा चुकल्यावर काय कळलं ते लिहिलं नाही, तर."

त्यांनी तांबडं पेन बाजूला ठेवलं. "हे मला चालेल. आत्तापर्यंतच्या चिठ्ठ्या आहेत?"

"टोपलीत टाकल्या."

ते हसले. "मग आता टाकू नका."

खाली येऊन विभागप्रमुख बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "पंधरा दिवस वाट बघतेय. हॉल हवा होता तर दार उघडून सांगायचं ना, माझ्या वर्गाशी अदलाबदल केली असती." वेळापत्रकवाल्या बाईंसमोर उभं राहून सगळे जादा दिवस परत दिले. अकाउंट्सच्या सरांची माफी मागितली. त्यांनी ती फार सहज दिली नाही, पण दिली.

चार दारं. सगळं मिळून पाऊण तास लागला.

बुधवार, ३० सप्टेंबर

मंडळाची बैठक. पंधरा पानांचं निवेदन घरीच ठेवलं.

मला तीन मिनिटं दिली होती. मी पाठांतराची गोष्ट सांगितली, नाव न घेता. ब्याण्णव गुण सांगितले. मग मी स्वतः खेळलो तेव्हाच्या माझ्या पाच चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. मार्केटिंगचे सर म्हणाले, "पण शेवटी ही भातुकलीच ना?"

विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "हो. भातुकलीत हात भाजत नाही. म्हणून तर ती आधी खेळायची."

तेवढ्यात दार उघडलं. परीक्षावाले. बावीस पायऱ्या उतरून आले होते, एकेक करत. घाम फुटला होता. काखेत गेल्या दोन आठवड्यांतल्या खेळांच्या चिठ्ठ्यांचं बाड, प्रत्येक टेबलाचं वेगळं, दोऱ्यानं बांधलेलं. "फेरतपासणीला हे दाखवता येतं. मी सगळं वाचून पाहिलंय," म्हणाले आणि एक चिठ्ठी वाचून दाखवली. पहिल्या बाकावरचीची होती. मागे लिहिलं होतं: 'मी तीस मागितली कारण मला भीती वाटली. मागणी वाढली नव्हती, भीती वाढली होती.'



मंजुरी मिळाली. तीस नाही, वीस गुण. तेही एका वर्षापुरते, पुढे आढावा. लॅबमधली तेरा यंत्रं अजून बंदच आहेत. तास पन्नास मिनिटांचाच राहणार. असू दे. मी परीक्षावाल्यांचा हात धरून जिना चढलो. चढताना त्यांना त्रास कमी होतो, तरी धरला.

शनिवार, ३ ऑक्टोबर

सकाळी पाठांतराला पत्र लिहायला बसलो. दोन परिच्छेद झाले, बरे झाले होते. मग फाडलं आणि चप्पल घातली.

त्याच्या मामाचं दुकान बाजाराच्या शेवटच्या गल्लीत आहे. गल्ल्यावर तोच होता. नळाच्या जोडण्या खोक्यांत लावत होता. मला बघून गडबडला, हात पुसले. "सर? काय देऊ?"

मी तयारी करून गेलो होतो. तिथे पोचल्यावर काही आठवेना. म्हटलं, "ते ब्याण्णव गुण तुला नव्हते रे. ते माझ्या व्याख्येला होते. तुला मी काहीच शिकवलं नाही."

तो खाली बघत राहिला. मागे मामा कुणाला तरी पाइप कापून देत होते, त्या आवाजात मी उभा होतो.

"बुधवारी ये," मी म्हटलं. "साबणाच्या कारखान्यात एक जागा रिकामी आहे. पगार नाही. कँटीनचा चहा मिळेल. मी वितरक असतो, फार वाईट वितरक. मुलांना विचार."

मी त्याला सगळं समजावून सांगितलं, बटणं, चिठ्ठ्या, गिऱ्हाइक. आकडे सांगितले नाहीत. तो ऐकता ऐकता एका खोक्याचं झाकण उघडत होता, मिटत होता. मग विचारलं, "सर, या वेळी चुकलं तर चालेल ना?"

"त्यासाठीच बोलावतोय," मी म्हटलं.

तो म्हणाला, येतो. मग सवयीनं पुन्हा विचारलं, "काय देऊ?"

"खिळा. घड्याळासाठी."

त्यानं पुडा काढला, शंभराचा. मी म्हटलं, एकच. तो हसला. त्याला मी हसताना पहिल्यांदाच बघितलं. एक खिळा त्यानं कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवला.

घड्याळ लावलं. सुताराला आता चिठ्ठी नको.